बेटांवरील मूळ वन्यजीवांचे रक्षण : जनवकिली आणि लोकशिक्षण यांचे कार्य

सारांश

बेटांवरील प्रदेशनिष्ठ जीवजाती मुख्य भूमीवरील जातींच्या तुलनेत अधिक वेगाने नष्ट होतात. त्यांच्या रक्षणासाठी अभयारण्याची घोषणा आणि शास्त्रीय उपाय आवश्यक असतात. तथापि हे उपाय वेळेवर योजले जावेत आणि टिकून राहावेत यासाठी जाणकार समाजाचा आधार लागतो. प्रस्तुत लेखात न्यूझीलंडमधील सुमारे सव्वाशे वर्षांच्या अनुभवाच्या आधारे या विधानाचे विवेचन केले असून, त्या अनुषंगाने भारतीय बेटांच्या प्रश्नाकडे व महाविद्यालयीन शिक्षकांच्या भूमिकेकडे लक्ष वेधले आहे.

बीजसंज्ञा : बेटांवरील जैवविविधता, प्रदेशनिष्ठ जाती, आगंतुक भक्षक, जनवकिली, लोकशिक्षण.

१. प्रस्तावना

पृथ्वीवरील एकूण भूभागापैकी अगदी लहान हिस्सा बेटांनी व्यापलेला आहे. असे असूनही गेल्या पाचशे वर्षांत नामशेष झालेल्या पक्ष्यांपैकी बहुसंख्य पक्षी बेटांवरील होते. मॉरिशसच्या डोडोचे उदाहरण सर्वपरिचित आहे. परंतु डोडो ही अपवादात्मक घटना नव्हती. हवाई, न्यूझीलंड, पॅसिफिक महासागरातील लहानमोठे द्वीपसमूह अशा अनेक ठिकाणी हीच कहाणी वेगवेगळ्या नावांनी घडली आहे.

या विषयाचा विचार करताना दोन संज्ञा प्रथम स्पष्ट करणे इष्ट ठरेल. सामान्य जनांना एखाद्या जीवजातीची, तिच्या अधिवासाची आणि तिच्यापुढील धोक्यांची ओळख करून देणे व त्यांच्या वर्तनात बदल घडवून आणणे, याला येथे 'लोकशिक्षण' म्हटले आहे. ज्यांच्या हाती निर्णय असतो त्या शासनासमोर, न्यायालयासमोर किंवा उद्योगासमोर मुक्या जीवांची बाजू पुराव्यानिशी मांडणे आणि तिचा सातत्याने पाठपुरावा करणे, याला 'जनवकिली' म्हटले आहे. लोकशिक्षणाविना केलेली जनवकिली मूठभर तज्ज्ञांचे अर्ज-विनंत्यांचे काम होऊन बसते, तर जनवकिलीविना लोकशिक्षण निसर्गप्रेमापलीकडे जात नाही. या दोहोंचा परस्परसंबंध न्यूझीलंडच्या इतिहासात फार स्पष्टपणे दिसून येतो.

२. बेटावरील जीव असुरक्षित का असतात?

न्यूझीलंडचा भूभाग सुमारे ८ कोटी वर्षांपूर्वी गोंडवन या प्राचीन महाखंडापासून अलग झाला. वटवाघळे वगळता तेथे जमिनीवर वावरणारा एकही मूळ सस्तन प्राणी आज आढळत नाही. त्यामुळे अन्यत्र उंदीर, ससे, हरणे इत्यादींनी व्यापलेल्या जागा तेथे पक्ष्यांनी व्यापल्या. कीवी जमिनीवरील पालापाचोळ्यात चोच खुपसून किडे शोधू लागला. काकापो हा पोपट उडणे विसरला, निशाचर झाला आणि जगातील सर्वांत वजनदार पोपट ठरला.

या पक्ष्यांचे पूर्वीचे शत्रू आकाशातून येणारे होते. शिकारी पक्षी नजरेने भक्ष्य शोधतो; म्हणून धोका जाणवताच जागच्या जागी स्तब्ध राहणे हा बचावाचा उत्तम मार्ग होता. वासावरून भक्ष्याचा माग काढणाऱ्या प्राण्यापुढे मात्र हीच सवय घातक ठरते. काकापोच्या अंगाला तीव्र वास असतो, तो जमिनीवर घरटे करतो आणि रिमूसारख्या वृक्षांना भरपूर फळे येतात अशाच वर्षी, म्हणजे दोन ते चार वर्षांतून एकदा, अंडी घालतो. असा पक्षी एकदा संख्येने घटला की ती तूट भरून निघण्यास दीर्घ काळ लागतो. बेटावरील जीवांची असुरक्षितता ही अशी त्यांच्या उत्क्रांतीतच दडलेली असते. तो त्यांचा दोष नव्हे. परिस्थिती बदलण्याचा वेग त्यांच्या आवाक्याबाहेरचा असतो, एवढाच त्याचा अर्थ.

तेराव्या शतकाच्या सुमारास माओरी लोकांबरोबर 'किओरे' हा लहान उंदीर आणि कुत्रा तेथे पोहोचले. पुढे युरोपीय वसाहतकारांबरोबर मोठे उंदीर, मांजरे, डुकरे, शेळ्या, पॉसम आणि ससे आले. ससे वाढून मेंढपाळांची कुरणे फस्त करू लागले, तेव्हा १८८०च्या दशकात सशांना आवर घालण्यासाठी स्टोट, वीझल आणि फेरेट हे मुंगसासारखे सडपातळ मांसाहारी प्राणी मुद्दाम सोडण्यात आले. पक्षिशास्त्रज्ञांनी या निर्णयाला विरोध दर्शविला होता. मेंढीपालनाच्या आर्थिक हितसंबंधांपुढे तो टिकला नाही.

३. घोषणा झाली, समाज मात्र अनभिज्ञ राहिला

या चुकीचे परिणाम दिसू लागल्यावर शासनाने काही बेटे पक्ष्यांसाठी राखून ठेवली. देशाच्या नैर्ऋत्येकडील फियोर्डलँड भागातील रेझोल्यूशन बेटावर १८९४ मध्ये रिचर्ड हेन्री यांची रक्षक म्हणून नेमणूक झाली. हेन्री यांनी पुढील काही वर्षांत शेकडो काकापो आणि कीवी मुख्य भूमीवरून नावेने त्या बेटावर नेऊन सोडले. धोक्यातील जीवांना सुरक्षित बेटावर हलविण्याची जी पद्धत आज जगभर वापरली जाते, तिचा हा आरंभ होय. परंतु १९०० मध्ये त्या बेटावर स्टोट आढळला. हा प्राणी पोहत समुद्राचा लहान पट्टा ओलांडू शकतो. हेन्री यांचे परिश्रम व्यर्थ गेले.

याच सुमारास, १८९४ मध्ये, कूक सामुद्रधुनीतील स्टीफन्स बेटावर दीपगृह सुरू झाले. तेथे 'रेन' जातीचा एक चिमुकला, न उडणारा पक्षी आढळला. मुख्य भूमीवरून तो पूर्वीच नाहीसा झाला होता. दीपगृहाबरोबर बेटावर मांजर आले, मांजरांची संख्या वाढली आणि वर्ष-दोन वर्षांत तो पक्षी संपला. दीपगृहरक्षकाच्या एकाच मांजरीने ही संपूर्ण जात संपविली, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. ती अतिशयोक्त असली तरी तिच्यातील मर्म खरे आहे. मांजर पाळणाऱ्या माणसाच्या हेतूत काही वाईट नव्हते. बेटावर मांजर आणल्याने काय घडते, हे सांगणारी व्यवस्थाच त्या समाजात अस्तित्वात नव्हती.

या दोन उदाहरणांत शासनाचा आदेश, कर्तव्यनिष्ठ रक्षक आणि शास्त्रज्ञांचा इशारा यांपैकी काही ना काही उपलब्ध होते. अभाव होता तो शास्त्रज्ञांचा इशारा धोरणापर्यंत नेणाऱ्या जनमताचा.

४. नागरिकांच्या संघटनेचा उदय

वेलिंग्टनच्या उत्तरेस असलेले कपिती बेट १८९७ मध्ये राखीव म्हणून घोषित झाले. पाव शतकानंतर कॅप्टन व्हॅल सँडरसन यांना त्या राखीव बेटावर शेळ्या-मेंढ्या आणि गुरे चरत असल्याचे व अरण्याची दुर्दशा झाल्याचे दिसून आले. त्यांनी याविरुद्ध मोहीम उघडली. या अनुभवातून १९२३ मध्ये मूळ पक्ष्यांच्या रक्षणासाठी एक संस्था स्थापन झाली. माजी पंतप्रधान सर थॉमस मॅकेंझी हे तिचे पहिले अध्यक्ष होते. हीच संस्था पुढे 'फॉरेस्ट अँड बर्ड' या नावाने देशातील अग्रगण्य निसर्गसंरक्षण संस्था झाली.

कपितीचे उदाहरण दीर्घ पल्ल्याच्या दृष्टीनेही बोलके आहे. तेथील पॉसमचे निर्मूलन १९८६ मध्ये आणि उंदरांचे १९९६ मध्ये पूर्ण झाले. १९२३ पासून मोजले तर हे काम सत्तर वर्षांहून अधिक काळ चालले. या काळात अनेक सरकारे आली आणि गेली, अधिकारी निवृत्त झाले. पिढ्या बदलल्या तरी मागणी टिकवून धरणे हे नागरी संघटनेचेच कार्य होय.

नागरिकांचा सहभाग केवळ मागणीपुरता नव्हता. ऑकलंडजवळच्या समुद्रातील मारिया या चिमुकल्या बेटावर उंदीर वादळपक्ष्यांचा फडशा पाडत असल्याचे आढळल्यावर, १९६०च्या सुमारास या संस्थेच्या स्वयंसेवकांनी तेथे उंदरांसाठी विष ठेवले. पुढे १९६४ मध्ये बेट उंदीरमुक्त झाल्याचे स्पष्ट झाले. एखाद्या बेटावरून उंदीर संपूर्णपणे हटविता येतात, हे तोवर तज्ज्ञांनाही अशक्य वाटत होते.

५. बिग साउथ केपचा धडा

त्याच १९६४ साली स्ट्यूअर्ट बेटानजीकच्या बिग साउथ केप बेटावर काळ्या उंदरांचा प्रादुर्भाव झाल्याचे उघड झाले. समुद्रपक्ष्यांची पिले पकडण्याच्या पारंपरिक हंगामासाठी दरवर्षी तेथे जाणाऱ्या माओरी कुटुंबांनी ही गोष्ट प्रथम लक्षात आणून दिली. वन्यजीव विभागाला तातडीने कृती करावयाची होती. परंतु उंदीर आणि पक्षी यांच्यात कालांतराने समतोल निर्माण होईल, सबब हस्तक्षेप करू नये, असे काही जीवशास्त्रज्ञांचे मत पडले. या मतभेदात मोलाचा वेळ गेला.

अखेर पथक पोहोचले तेव्हा सॅडलबॅक या पक्ष्याची दक्षिणी जात तेवढी वाचविता आली. ३६ पक्षी पकडून उंदीरमुक्त बेटांवर हलविण्यात आले आणि आजचे सर्व दक्षिणी सॅडलबॅक हे त्या ३६ पक्ष्यांचे वंशज आहेत. बुश रेन आणि स्नाइप या दोन पक्ष्यांचे तेथील शेवटचे प्रतिनिधी व मोठे आखूड-शेपटीचे वटवाघूळ मात्र कायमचे गेले.

या घटनेतून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा, की बेटावर नियमित वावरणारे स्थानिक लोक हेच पहिले निरीक्षक असतात. त्यांच्याकडून येणारी माहिती ऐकून घेण्याची सोय नसेल तर सर्वोत्तम विज्ञानही उशिरा पोहोचते. दुसरा असा, की लोकशिक्षणाची गरज केवळ 'सामान्य' जनांना असते हा समज चुकीचा आहे. येथे तज्ज्ञांचे मतपरिवर्तनही आवश्यक होते आणि ते तीन जीवप्रकारांची किंमत मोजून झाले. त्यानंतर उंदीरनिर्मूलनाचे तंत्र झपाट्याने विकसित झाले. १९८८ मध्ये १७० हेक्टरांचे ब्रेकसी बेट आणि २००१ मध्ये ११,००० हेक्टरांहून मोठे कॅम्पबेल बेट उंदीरमुक्त करण्याची कामगिरी पार पडली.

६. सह्यांपासून धोरणापर्यंत

जनवकिलीचे परिणाम १९७०च्या दशकात राष्ट्रीय धोरणावर दिसू लागले. जलविद्युत प्रकल्पासाठी मानापौरी सरोवराची पातळी वाढविण्यास विरोध करणाऱ्या अर्जावर १९७० मध्ये २,६४,९०७ नागरिकांनी सह्या केल्या. ही संख्या तत्कालीन लोकसंख्येच्या सुमारे एक-दशांश होती. १९७२च्या निवडणुकीत हा एक प्रमुख प्रश्न ठरला आणि सरोवराची पातळी वाढविण्याचा बेत रद्द झाला. त्यापाठोपाठ मूळ अरण्यांची तोड थांबविण्याची मागणी करणारा 'मारुइया जाहीरनामा' ३,४१,१५९ सह्यांनिशी १९७७ मध्ये संसदेला सादर झाला. विखुरलेली जबाबदारी एकत्र आणणारे स्वतंत्र निसर्गसंरक्षण खाते १९८७ मध्ये स्थापन झाले, त्यामागे या चळवळीची पार्श्वभूमी होती.

सह्यांचे आकडे प्रभावी असले तरी त्यांचे मर्म संख्येत नाही. सही करणाऱ्या व्यक्तीला आपण कशावर सही करीत आहोत हे समजावून सांगण्यासाठी गावोगावी सभा, व्याख्याने आणि लेखन झाले. म्हणजे सह्यांची मोहीम हीच लोकशिक्षणाची एक विशाल शाळा होती.

७. लोकशिक्षणाची साधने

न्यूझीलंडमध्ये वापरण्यात आलेल्या साधनांचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतील.

(अ) प्रत्यक्ष श्रम : ऑकलंडजवळील २२० हेक्टरांचे टिरिटिरी माटांगी बेट शेतीमुळे उघडेबोडके झाले होते. १९८४ ते १९९४ या काळात स्वयंसेवकांनी तेथे अडीच ते तीन लाख झाडे लावली. बेट लोकांसाठी खुले ठेवण्याचा निर्णय तेव्हा धाडसाचा होता. कारण संरक्षण म्हणजे प्रवेशबंदी असेच मानले जात असे. ज्याने रोप लावले तो त्या बेटाचा आयुष्यभराचा हितचिंतक झाला.

(आ) दैनंदिन सान्निध्य : वेलिंग्टन शहरातील जुन्या जलाशयाभोवतीच्या २२५ हेक्टर क्षेत्राला १९९९ मध्ये भक्षकरोधक कुंपण घालण्यात आले. आज 'झीलँडिया' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रकल्पाला 'मुख्य भूमीवरील बेट' म्हणता येईल. तेथून बाहेर पडणारे काका पोपट शहरातील घरांच्या अंगणांत दिसू लागले. पक्षी अंगणात आल्यावर उंदरांचा सापळा लावण्याचे कारण नागरिकांना वेगळे सांगावे लागत नाही.

(इ) बालशिक्षण व जनमाध्यमे : 'फॉरेस्ट अँड बर्ड'ने १९८८ मध्ये मुलांसाठी स्वतंत्र मंडळ सुरू केले. २००५ पासून ही संस्था 'वर्षाचा पक्षी' निवडण्यासाठी दरवर्षी मतदान घेते. २०२१ मध्ये या स्पर्धेत चक्क वटवाघूळ विजयी झाले आणि त्या निमित्ताने देशातील मूळ सस्तन प्राण्यांची चर्चा घरोघरी झाली. संस्थेच्या शताब्दीनिमित्त २०२३ मध्ये झालेल्या 'शतकाचा पक्षी' या निवडीत साडेतीन लाखांहून अधिक मते पडली.

या प्रदीर्घ प्रयत्नांचे फलित संख्येतही दिसते. १९९५ मध्ये काकापोंची संख्या ५१ होती. २०२२ मध्ये ती २५२ झाली. उंदीर, पॉसम आणि स्टोटवर्गीय प्राणी यांचे २०५० पर्यंत संपूर्ण देशातून निर्मूलन करण्याचे ध्येय शासनाने २०१६ मध्ये जाहीर केले. ते साध्य होईल किंवा नाही याविषयी मतभेद संभवतात. परंतु असे ध्येय जाहीर करणे एखाद्या लोकनियुक्त सरकारला शक्य वाटते, हेच जनमत किती पालटले याचे गमक होय.

८. मर्यादा आणि मतभेद

या चित्राची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. देखण्या पक्ष्यांना प्रसिद्धी मिळते. कीटक, गोगलगायी, सरडे आणि वनस्पती मागे राहतात. स्पर्धेत मत देणे म्हणजे संरक्षण करणे नव्हे.

आगंतुक प्राण्यांच्या निर्मूलनात जीवहत्या अटळ असते, आणि तिच्याविषयीचा नैतिक आक्षेप केवळ अज्ञानातून येतो असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. विमानातून '१०८०' हे विष टाकण्यास तेथे दीर्घकाळ विरोध होत आला आहे. संसदेच्या पर्यावरण आयुक्तांनी २०११ मध्ये सर्व बाजू तपासून या विषाच्या वापरास पाठिंबा देणारा अहवाल दिला. तरी वाद संपला नाही. मांजरांचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. २०१३ मध्ये गॅरेथ मॉर्गन या अर्थतज्ज्ञांनी पाळीव मांजरांविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा तीव्र प्रतिक्रिया उमटली. नंतरच्या वर्षांत चर्चा पुढे सरकली आणि २०२५ मध्ये रानटी झालेल्या मांजरांचा समावेश निर्मूलनाच्या यादीत करण्याची घोषणा झाली. ज्याचे वर्तन बदलावयाचे आहे त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केल्यास संवाद खुंटतो, हा यातील बोध आहे.

९. भारतीय बेटांच्या संदर्भात

भारतातील अंदमान-निकोबार द्वीपसमूहातील जीवसृष्टीही अशीच प्रदेशनिष्ठ आणि म्हणून असुरक्षित आहे. तेथील नारकोंडम हे सुमारे ७ चौरस किलोमीटरांचे ज्वालामुखी बेट नारकोंडम धनेश या पक्ष्याचे जगातील एकमेव वसतिस्थान आहे. या बेटावर तटरक्षक दलाचे रडार उभारण्याच्या प्रस्तावाला मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसह अनेक अभ्यासकांनी हरकत घेतली आणि २०१२ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने तो नाकारला. २०१४ मध्ये, सरकार बदलल्यावर, त्याच प्रकल्पाला मान्यता मिळाली. संरक्षणाची निकड आणि जीवजातीचे अस्तित्व यांत निवड करणे सोपे नसते, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि दोन वर्षांत निर्णय उलटा होऊ शकला, याचे एक कारण असे दिसते की हा वाद तज्ज्ञांच्या वर्तुळाबाहेर फारसा पोहोचलाच नव्हता.

ग्रेट निकोबार बेटाचा प्रश्न याहून व्यापक आहे. तेथील गॅलाथिया उपसागराचा किनारा लेदरबॅक या महाकाय समुद्री कासवाच्या विणीसाठी महत्त्वाचा असून, पालापाचोळा व मातीच्या ढिगात अंडी उबविणारा निकोबार मेगापोड याच किनारी पट्ट्यात राहतो. २०२१ मध्ये गॅलाथिया उपसागर अभयारण्याचा दर्जा काढण्यात आला आणि २०२२ मध्ये बंदर, विमानतळ, वीजकेंद्र व नगर यांचा समावेश असलेल्या प्रकल्पास पर्यावरणीय मंजुरी मिळाली. सुमारे १३० चौरस किलोमीटर वनक्षेत्र त्यासाठी वळविले जाणार आहे. शोंपेन आणि निकोबारी या आदिवासी समाजांचे जीवनही त्याच्याशी निगडित आहे. प्रकल्पाच्या बाजूने सामरिक व आर्थिक कारणे दिली जातात. ती तोलून पाहण्यासाठी दुसऱ्या पारड्यात काय आहे, याची माहिती नागरिकाला असणे ही लोकशाहीची किमान अट आहे.

'मूळ' आणि 'आगंतुक' या संकल्पना देशाच्या सीमेवरून ठरत नाहीत, हेही या द्वीपसमूहावरून समजते. विदर्भाच्या जंगलात शोभून दिसणारे चितळ अंदमानात ब्रिटिशांनी सोडले. तेथे ते आगंतुक असून अरण्यातील कोवळ्या रोपांची हानी करते. महाराष्ट्रातही बेटांचा प्रश्न अगदीच परका नाही. वेंगुर्ल्यानजीकच्या समुद्रातील खडकाळ बेटांवरील गुहांत भारतीय पाकोळ्यांची वसाहत आहे. त्यांच्या घरट्यांची चोरी होत असे. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने त्यांच्या रक्षणासाठी काम केले आहे.

१०. महाविद्यालयीन शिक्षकांपुढील कार्य

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण सर्व स्तरांवर अनिवार्य करण्याचा निर्देश दिला. त्यानुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी स्तरासाठी सहा महिन्यांचा गाभा अभ्यासक्रम तयार केला आणि २००३च्या आदेशानंतर तो सर्वत्र लागू झाला. हा विषय अनेक ठिकाणी प्रकल्पवहीपुरता उरला आहे, ही वस्तुस्थिती आहे. वरील विवेचनाच्या प्रकाशात पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

(१) 'जैवविविधतेचे महत्त्व' अशा सर्वसाधारण विषयाऐवजी एक जीवजात, एक अधिवास आणि एक प्रलंबित निर्णय यांचा अभ्यास प्रकल्पासाठी द्यावा.

(२) पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाचा एखादा अहवाल वर्गात वाचावा. २००६च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणीत नागरिकांना हरकती मांडता येतात. त्या पुराव्यानिशी व संयत भाषेत कशा लिहाव्यात याचा सराव भाषा आणि विज्ञान या दोन्ही विभागांनी मिळून घ्यावा.

(३) मच्छीमार, गुराखी व आदिवासी यांच्या निरीक्षणांची नोंद विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावी. बिग साउथ केपचा धडा हाच आहे.

(४) प्रकल्पाच्या समर्थकांची बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे मांडली जावी. एकतर्फी प्रचार म्हणजे शिक्षण नव्हे आणि तो फार काळ टिकतही नाही.

११. समारोप

रेझोल्यूशन बेटावर एकटे राबणारे हेन्री आणि टिरिटिरी माटांगीवर झाडे लावणारे हजारो स्वयंसेवक यांच्यामध्ये जवळजवळ एका शतकाचे अंतर आहे. या शतकात तंत्रज्ञान सुधारले हे खरेच; परंतु त्याहून मोठा फरक त्या तंत्रज्ञानाची मागणी करणाऱ्या आणि त्याचा खर्च सोसण्यास तयार असलेल्या समाजाचा पडला. तो समाज आपोआप घडला नाही. व्याख्याने, पत्रके, सह्या, शाळेतील मंडळे आणि वृक्षारोपण यांतून त्याला घडवावे लागले. बेटावरील जीवांना निसटून जाण्यास अन्य जागा नसते, आणि तेथे झालेली चूक सहसा दुरुस्त होत नाही. म्हणूनच निर्णय होण्यापूर्वी समाजाला माहिती पोहोचविणे हे कार्य निकडीचे ठरते, आणि ते करण्यास महाविद्यालयीन शिक्षकाइतकी सोयीची जागा फार थोड्यांना लाभलेली आहे.